आजी-आजोबा गेल्यावर मुलांशी कसे बोलावे
घरात मृत्यू झाला की मुलांना शेजारी पाठवायचे आणि नंतर ‘आजोबा देवाघरी गेले’ एवढ्यावर विषय मिटवायचा, ही आपली रीत मायेपोटी आलेली असली तरी तिच्यामुळे मूल एकटे पडते. ही बातमी आईने किंवा वडिलांनीच, मुलाला जवळ घेऊन, सरळ शब्दांत सांगावी: ‘आजोबा वारले. त्यांचे हृदय बंद पडले. आता त्यांना भूक लागत नाही, काही दुखत नाही, आणि ते परत येणार नाहीत.’ ‘आजोबा झोपले आहेत’ असे मात्र म्हणू नये, कारण हे ऐकलेले चार वर्षांचे मूल रात्री अंथरुणावर पडायलाही घाबरू शकते. देवाघरावर कुटुंबाची श्रद्धा असेल तर तेही जरूर सांगावे, पण शरीराचे काय झाले हे सांगून झाल्यावर.

साधारण पाच वर्षांपर्यंत मृत्यू कायमचा असतो हे मुलांना उमगत नाही, त्यामुळे ‘आजोबा कधी येणार?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि तेच उत्तर दर वेळी शांतपणे द्यावे लागते. आपण दंगा केला म्हणून आजी गेली, असेही काही मुले मनात धरतात. मुलाने विचारले नाही तरी ‘यात तुझी काही चूक नाही’ हे सांगावेच. रडता रडता मध्येच खेळायला पळणारे मूल निष्ठुर नसते, लहानांचे दुःख असेच थांबत थांबत येते.

अंत्यदर्शन घ्यायचे का, हे मुलाला विचारावे आणि नको म्हटल्यास आग्रह धरू नये. हो म्हटल्यास नाकातला कापूस, थंड पडलेला हात, मोठ्याने रडणारी माणसे यांची आधी कल्पना द्यावी, आणि मुलाला हवे तेव्हा बाहेर नेता येईल असा एक नातेवाईक केवळ त्याच्यासाठी सोबत ठेवावा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवण्याची वाट का पाहतात, हेही समजावावे.

वर्गशिक्षकांना कळवावे. अंथरूण ओले करणे, पोट दुखणे, आईला न सोडणे हे काही दिवस चालते. आठवडे उलटूनही झोप, जेवण किंवा शाळा सुरळीत झाली नाही तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटावे. ‘मला आजीकडे जायचंय’ हे बहुधा आठवणीतून आलेले असते, तरी त्याला काय म्हणायचे आहे हे हळुवारपणे विचारावे. मोठे मूल जगावेसे वाटत नाही असे म्हणाले, तर त्याला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. टेली मानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी शासकीय मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.