प्रोब अर्ध्यावर फसला तर आधीचं कोण आवरणार?

चिपला ठोके देणारं क्लॉक चालू केलं, वीज देणारा रेग्युलेटर चालू केला आणि इंटरप्टची (हार्डवेअरच्या हाकेची) नोंदणी फसली. लिनक्स ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस जोडताना कर्नल बोलावतं त्या फंक्शनमध्ये) तिथे थेट 'रिटर्न' असेल, तर आधीचे दोन्ही चालूच राहतात. पुन्हा प्रोब झाला की क्लॉकचा एनेबल काउंट (किती वेळा चालू केलं त्याचा आकडा) आणखी एकने वाढतो.

प्रोब वरून खाली वाचा. काही 'घेणारी' प्रत्येक ओळ कागदावर लिहा, शेजारी ते सोडणारं फंक्शन. फंक्शनच्या शेवटी हीच यादी उलट्या क्रमाने लेबलांखाली येते; पायरी फसली की 'गोटू'ने योग्य लेबलावर उडी मारायची. लेबलाला ते काय सोडतं त्याचं नाव द्या. 'एरर१, एरर२' अशी नावं मधे एक पायरी घातली की फसवतात.

सगळ्यात छुपी चूक 'गोटू'च्या आधीच्या ओळीत असते. 'रेट'मध्ये, म्हणजे परत द्यायच्या कोडच्या व्हेरिएबलमध्ये, मागच्या यशस्वी कॉलचं शून्य तसंच राहिलं, तर प्रोब सगळं सोडून देतो आणि वर यशस्वी झाल्याचं सांगतो. पुढे रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) तीच मेमरी दुसऱ्यांदा सोडतो. म्हणून उडी मारण्याआधी चूक सांगणारा ऋण कोड भरलाय ना, हे दर वेळी पाहा. क्लॉक मागणारं 'क्लॉक-गेट' फसल्यावर पॉइंटरातच कोड देतं, तिथे 'इझ-एरर' ही तपासणी लावा; मेमरी मागणारं 'केमॅलॉक' मात्र नल देतं, तिथे ऋण 'ईनोमेम' (मेमरी नाही) स्वतः लिहावं लागतं. इंटरप्टचा क्रमांक अनसाइन्ड ठेवला, तर 'शून्यापेक्षा कमी' ही अट कधीच लागत नाही.

'डेव्हएम' फंक्शनं (घेतलेलं डिव्हाइसच्या नावे नोंदवणारी) आपापलं आवरतात, पण रिमूव्ह संपल्यावर. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि क्लॉक रिमूव्हमध्ये हाताने बंद केलं, तर मधल्या वेळात हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारं फंक्शन) चालू शकतो. क्लॉक नसलेला रजिस्टर वाचला की कित्येक चिपवर सिस्टीम जागीच गोठते. अशी सरमिसळ नकोच: कर्नल ६.० पासून 'डेव्हएम-क्लॉक-गेट-एनेबल्ड' आहे, ते वापरा. जुन्या कर्नलवर क्लॉक बंद करणारं फंक्शन 'डेव्हएम-ॲड-ॲक्शन-ऑर-रीसेट'ने नोंदवा.

ऋण ५१७, म्हणजे 'ईप्रोब-डिफर' (लागणारं काही अजून तयार नाही, नंतर पुन्हा बघा), जसाच्या तसा परत द्या. त्याजागी दुसरा कोड दिलात, तर कर्नल नंतर पुन्हा प्रयत्न करत नाही.

तपासायला एकेका पायरीनंतर तात्पुरता ऋण 'ईआयओ' हा चुकीचा कोड घाला, सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग-फाइलींमधल्या) 'बाइंड'मधून प्रोब चालवा आणि डीबगएफएसमधली (तपासणीच्या फाइलींमधली) 'क्लॉक-समरी' बघा. एनेबल काउंट प्रोबआधी होता तेवढाच दिसला पाहिजे.