आई-बाबांना घेऊन दोन दिवस व्हिएन्ना: निघण्याआधीची तयारी

म्युनिकहून व्हिएन्नाला रेलजेट या वेगवान गाडीने साधारण चार तास लागतात. शुक्रवारी दुपारी निघायचं आणि रविवारी रात्री घरी. आई-बाबा दिवाळीला इकडे आले की आमचा पहिला बेत हाच असतो. सत्तरीतले दोघं, आठ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि आम्ही दोघं, अशा सहा जणांची ही तयारी आहे. दोघंच जाणार असाल तर यातलं निम्मं सोडून द्या.

आधी पासपोर्ट. सगळ्यांचे, मुलांचेसुद्धा, आणि आपल्या रेसिडेन्स परमिटची कार्डं. आई-बाबांचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियालाही चालतो, त्यामुळे "एकाच मुलखात फिरतोय, पासपोर्ट कशाला" असं वाटतं. पण २०१५पासून जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी ठेवलेली आहे आणि परतताना पोलीस डब्यात येतात. गेल्या वर्षी बाबांचा पासपोर्ट कपाटातच राहिला. वाटेतल्या रोझेनहाइम स्टेशनवर सगळे उतरलो, नवरा घरी जाऊन घेऊन आला, तोवर आई गार फलाटावर नातवाला मांडीवर घेऊन बसून होती. तेव्हापासून गुरुवारी रात्री सहाही पासपोर्ट एका पिशवीत जातात आणि ती पिशवी दाराच्या मुठीला लटकते. दाराबाहेर पडण्याआधी बाबा स्वतः ते मोजतात.

गाडीचं तिकीट आणि बसायची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकीट काढलं म्हणजे सीट मिळाली असं नाही, आणि शुक्रवारी दुपारी गाडी भरून जाते. सहा जागा समोरासमोर आरक्षित करा. रेलजेटमध्ये मुलांसाठी एक कोपरा असतो, तिथे छोट्या पडद्यावर कार्टून चालू असतं. त्याच डब्यात जागा मिळाल्या तर प्रवासाचा अर्धा भार हलका होतो. व्हिएन्नात पोचल्यावर शहरातल्या ट्राम-बस-मेट्रोचा पास घ्या. कागदी घेतलात तर पहिल्यांदा बसण्याआधी मशीनमध्ये छाप मारून घ्या, नाहीतर पास असूनही दंड होतो. सहा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही.

आता रविवार. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात, अगदी दूध-ब्रेडसुद्धा सहज मिळत नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली सुपरमार्केटं तेवढी उघडी असतात. २६ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन आणि १ नोव्हेंबरही सुट्टीचा, त्यामुळे दिवाळीच्या आसपास जाणार असाल तर कॅलेंडर आधी बघा. आम्ही हॉटेल न घेता स्वयंपाकघर असलेली जागा घेतो आणि शुक्रवारी संध्याकाळी पोचल्या पोचल्या दूध, दही, केळी, बटाटे भरून ठेवतो. जागेला लिफ्ट आहे का, हे बुकिंग करतानाच लेखी विचारा. जुन्या इमारतींत मजले उंच आणि जिने वळणावळणाचे असतात.

घरून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि मेतकुटाची बरणी न्यायची, आणि दोन वाट्या तांदूळ. दिवसभर फिरून आल्यावर आईला मऊ भात, तूप, मेतकूट मिळालं की दुसऱ्या दिवशी ती ताजीतवानी असते. बाहेर चीज घातलेलं श्पेट्सले (पास्त्यासारखा पिठाचा पदार्थ) शाकाहाऱ्यांना चालतं, पण त्यात अंडं असतं, झाखरटॉर्ट या चॉकलेट केकमध्येही असतं. घरात कुणी अंडं खात नसेल तर आधी विचारून मगच मागवा. पाणी मात्र विकत घेऊ नका. १८७३पासून या शहरात डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी नळाला येतं आणि ते फार गोड आहे. प्रत्येकाची बाटली घ्या.

औषधांची पिशवी खांद्यावरच्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या, आणि औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी, कारण भारतातली ब्रँडची नावं इथल्या केमिस्टला कळत नाहीत. मुलांचं तापाचं सिरप घरूनच न्या. आई-बाबांच्या प्रवास विम्याचा कागद फोनमध्ये फोटो काढून आणि छापूनही ठेवा. तिथे अॅम्ब्युलन्सचा नंबर १४४, शिवाय ११२ सगळीकडे चालतो.

बघायचं काय, हे घरीच ठरवा आणि दिवसाला दोनच गोष्टी धरा. शोनब्रुन महालाचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच काढा. १४४१ खोल्यांपैकी चाळीसेक दाखवतात, तेवढ्यानेही पाय दुखतात. शेजारीच १७५२ साली सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय आहे. एक जण आई-बाबांबरोबर महालात आणि दुसरा मुलांबरोबर हत्ती-पांडांकडे, ही वाटणी आम्हाला फार मानवली. स्टेफान्सडोम या मोठ्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या मुलगी आणि मी चढलो. आई-बाबांसाठी उत्तर मनोरा, त्याला लिफ्ट आहे आणि वर वीस टनांची पुमेरिन घंटा. तिची आधीची घंटा १६८३च्या वेढ्यात तुर्कांनी मागे टाकलेल्या तोफा वितळवून ओतली होती. त्याच साली संभाजीराजे गोव्यात पोर्तुगीजांशी लढत होते, हे बाबांनी तिथे उभं राहून नातीला सांगितलं. पाऊस लागला तर निसर्गविज्ञान संग्रहालय. एकोणीस वर्षांखालच्यांना तिथे प्रवेश फुकट आहे. तिथली विलेनडॉर्फची व्हीनस ही अश्मयुगातली दगडी मूर्ती जेमतेम अकरा सेंटिमीटरची आहे, हे मुलांना आधी सांगा, नाहीतर ती मोठा पुतळा शोधत बसतात.

ऑक्टोबरअखेर वारा बोचतो. आईला साडीखाली थर्मल आणि लोकरीचे मोजे, बाबांना कानटोपी. बूट नवे नकोत, आतल्या गल्ल्या फरसबंदीच्या आहेत. मुलाची बाबागाडी घ्याच, तो चालतो म्हणून ठेवून जाऊ नका. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे जातं, भिंतीवरच्या घड्याळावर विसंबून गाडी धरायला निघू नका.

आणि निघण्याआधी घरातलं. रविवारी रात्री परताल तेव्हा म्युनिकमधलीही दुकानं बंदच असतील. एक ब्रेड फ्रीझरमध्ये टाका, दुधाचा न उघडलेला डबा ठेवा. कुकर ओट्यावर काढून त्याच्या शेजारी तूरडाळ आणि तांदूळ मोजून ठेवा.