जुनी मस्टँग घेण्याआधी जाळीत पाणी ओतून बघा

१९६५ ते १९६८ च्या फोर्ड मस्टँगचा रंग कितीही चकचकीत असो, पुढच्या काचेखालच्या जाळीच्या आतला पत्रा गंजलेला असू शकतो. तो वरून दिसत नाही. पैसे देण्याआधी एवढं करा:

१. मालकाची परवानगी घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.
२. पुढचं कार्पेट दोन्हीकडून उचला, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा.
३. एकाला बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली आडवं व्हायला सांगा. म्हणजे हातातली, टॉर्चवाली.
४. जाळीत तांब्याने सावकाश पाणी ओता, आधी डावीकडे, मग उजवीकडे.

पत्रा धड असेल तर सगळं पाणी दारांच्या पुढे, चाकामागून जमिनीवर पडतं. वर्तमानपत्रावर तांबूस थेंब पडले तर पत्रा कुजलाय. दुरुस्तीला वरचा पत्रा काढावा लागतो, आणि तो स्पॉट वेल्डिंगचा (ठिकठिकाणी ठिपक्यांनी जोडलेला) असल्यामुळे एकेक वेल्ड ड्रिलने सोडवावा लागतो. काम किचकट आणि महाग. किंमत त्या हिशेबाने पाडून मागा. नुसतं वरून सीलंट (फटी बुजवायचा लेप) थापलेलं दिसलं तर मी तरी ती गाडी सोडून देईन.

फक्त उजवीकडचा ओलावा चिकट, गोडसर वासाचा असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे. तिथे हीटरचा कोअर तपासा, म्हणजे ज्यातून हे गरम द्रव फिरून आतली हवा तापवतं तो भाग.