एआयने लिहिलं, पण पाठवलं तुम्ही: या चुका टाळा

आषाढी जवळ आली की फॅमिली ग्रुपवर अभंगांचे फोटो सुरू होतात. मागे विठ्ठलाची मूर्ती, पुढे चार ओळी, शेवटी ‘तुका म्हणे’. हल्ली त्यातला एखादा वाचताना खटकतो. यमक जुळलेलं असतं, ओळी तालात असतात, पण सूर एखाद्या मोटिव्हेशनल भाषणाचा असतो. गाथेत शोधायला जावं तर अभंग सापडत नाही, कारण तो तुकोबांचा नाहीच. कुणीतरी चॅटबॉटला म्हटलं, ‘कष्टाच्या महत्त्वावर तुकाराम महाराजांचा अभंग दे’, आणि त्याने दिला. ‘मला माहीत नाही’ म्हणायची त्याला सवय कमी. पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधत ते लिहितं, त्यामुळे खरा अभंग जसाच्या तसा देण्यापेक्षा तुकोबांच्या थाटात नवा रचणं त्याला सोपं जातं.

एआय वापरण्यात काही गैर नाही. सोसायटीची नोटीस, बँकेला इंग्रजीत अर्ज, बारशाचं आमंत्रण खुशाल लिहून घ्या. घोटाळा होतो तो यंत्राने दिलेलं आपण कुणाच्या तरी नावावर खपवतो तेव्हा. मग ते नाव संतांचं असो, डॉक्टरांचं असो की आपलं स्वतःचं.

चूक: खरं-खोटं यंत्रालाच विचारणं

‘हे नक्की खरं आहे ना?’ असं त्याच चॅटबॉटला विचारून लोक निर्धास्त होतात. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूयॉर्कचं. एव्हियांका या विमान कंपनीविरुद्धच्या खटल्यात एका प्रवाशाच्या वकिलांनी कोर्टात जुन्या निकालांचे दाखले दिले. त्यातले अनेक निकाल अस्तित्वातच नव्हते. चॅटजीपीटीने पक्षकारांच्या नावांसकट रचले होते. वकिलाने त्यालाच विचारलंही होतं की हे खटले खरे आहेत का. उत्तर आलं, हो, आणि कायद्याच्या अमुक डेटाबेसमध्ये मिळतील. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड ठोठावला. दंड चॅटजीपीटीला झाला नाही, सही करणाऱ्यांना झाला.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच आहे: मूळ जागी जाऊन बघा. अभंग असेल तर गाथेच्या शेवटी पहिल्या ओळीनुसार सूची असते, तिथे दोन मिनिटांत निकाल लागतो. सरकारी योजना असेल तर जीआर शोधा. क्रमांक आणि तारीख नसलेल्या ‘योजने’ची लिंक पुढे ढकलू नका. औषधाचा डोस असेल तर डॉक्टरांना फोन करा. आणि मूळ सापडलंच नाही, तर नाव काढून टाका. चार ओळी आवडल्याच असतील तर तुकोबांशिवायही पाठवता येतात. (नाव काढल्यावर त्या तितक्या आवडतात का, हेही कळतं.)

चूक: चेहरा आणि आवाज म्हणजे फुकटचा माल

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची भलामण करत असल्याचा व्हिडिओ फिरला. सचिनने स्वतः तो बनावट असल्याचं जाहीर केलं आणि मुंबईत गुन्हा दाखल झाला. आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल होऊ लागली तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांच्या आवाजाला अंतरिम संरक्षण दिलं. संमतीशिवाय असा आवाज तयार करणं हे त्यांच्या हक्कांवर अतिक्रमण आहे, असा त्याचा रोख होता.

पण मोठी माणसं कोर्टात जाऊ शकतात. वर्गातल्या मुलीचं काय? गंमत म्हणून तिचा फोटो ॲपमध्ये टाकून कपडे बदलणं, नाचवणं, आणि तो व्हिडिओ ‘बघ काय भारी आहे’ म्हणून मित्रांना पाठवणं, यात गंमत फक्त पाठवणाऱ्याची असते. अश्लील असेल तर तो थेट गुन्हा आहे. तो व्हिडिओ ‘पुरावा’ म्हणून दहा जणांना पाठवणाऱ्यांनाही त्यातून सूट नाही, आणि हे सज्जन माणसांच्या हातून फार वेळा होतं.

वारलेल्या आजोबांच्या फोटोला हसायला-बोलायला लावणारे व्हिडिओ मला वैयक्तिक पसंत नाहीत. ज्यांना त्यातून धीर मिळतो त्यांना अडवणारा मी कोण? पण वर्षश्राद्धाच्या दिवशी ग्रुपवर टाकण्याआधी आजीला आणि काका-आत्यांना विचारा. आजोबांच्या तोंडी जे शब्द घातलेत, ते त्यांनी कधीच उच्चारलेले नसतात.

चूक: कोपऱ्यात ‘एआय निर्मित’ लिहिलं की सुटलो

चित्र एआयने बनवलंय ही फाइलमध्ये दडवलेली माहिती व्हॉट्सॲपवरून जाताना किंवा स्क्रीनशॉट काढताना बहुधा गळून पडते. पोस्टच्या खाली लिहिलेली ओळ फॉरवर्ड करणारा कापतो. सूचना चित्रावरच हवी, आणि कापली तर चित्र बिघडेल अशा जागी हवी. तरीही लेबल लावलं म्हणून खोटं विधान खरं होत नाही. पुराच्या दिवसांत गावाचा पूल वाहून गेल्याचं बनावट चित्र लेबलासकट टाकलं, तरी घाबरणारे घाबरतातच.

वेळेकडेही लक्ष ठेवा. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं आणि आदल्या संध्याकाळी बिटकॉइनच्या व्यवहाराबद्दलच्या कथित ऑडिओ क्लिप राज्यभर फिरल्या. ज्या नेत्यांचा आवाज म्हणून त्या फिरल्या त्यांनी इन्कार केला, तपासणाऱ्यांनी त्या एआयने बनवलेल्या असण्याची शक्यता दाखवली. पण एवढं होईपर्यंत माणसं रांगेत उभी राहिली होती. अशा क्लिपला घाई हेच भांडवल असतं. उद्या सकाळपर्यंत ती पाठवली नाही तर आपलं काय बिघडतं, एवढं आधी स्वतःला विचारा.

चूक: डिटेक्टरचा आकडा म्हणजे निकाल

ही शिक्षकांसाठी. निबंध एआयचं लेखन ओळखणाऱ्या डिटेक्टरमध्ये टाकला, त्याने ‘८० टक्के एआय’ सांगितलं, मुलाला उभं केलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच स्वतःचं असं ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी म्हणून बंद केलं. त्यांच्याच चाचणीत ते एआयचं लेखन फक्त २६ टक्के वेळा नीट ओळखत होतं आणि माणसाच्या ९ टक्के लेखनावर चुकीचा ठपका ठेवत होतं. नंतरची साधनं सुधारली असतील, पण शंभरातल्या एका निर्दोष मुलावरही ठपका आला तर तो कोण पुसणार? त्यापेक्षा मुलाला शेजारी बसवून विचारा, हा परिच्छेद तुझ्या शब्दांत सांग, हे उदाहरण कुठून आणलंस. स्वतः लिहिणारा अडखळला तरी सांगू शकतो. ज्याने नुसतं चिकटवलंय तो पानाकडे बघत बसतो.

जाता जाता: शेजाऱ्यांविरुद्धची तक्रार, पेशंटचा रिपोर्ट, आधारचा फोटो चॅटबॉटमध्ये टाकण्याआधी नावं-नंबर खोडा. ती माहिती तुमची नसते.

आधीच चूक झाली असेल तर

खोटी पोस्ट पाठवून झाली असेल तर नुसती डिलीट करू नका. लोकांनी पुढे पाठवलेली प्रत डिलीट होत नसते. त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला रिप्लाय देऊन ‘हे खोटं निघालं, पुढे पाठवलं असेल तर तिथेही कळवा’ एवढं लिहा. पाच ओळींची सफाई नको.

कुणाचा अश्लील बनावट फोटो फिरत असेल तर लिंक आणि अकाउंटच्या नावाचा स्क्रीनशॉट घ्या, प्लॅटफॉर्मवर तक्रार करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवा. फोटो कुणालाही पाठवू नका.

फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा आणि बँकेलाही कळवा.

‘आई, माझा ॲक्सिडेंट झालाय’ असा मुलाच्या हुबेहूब आवाजातला फोन आला तर फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण लावायचा. तो लागला नाही आणि पुन्हा तसाच फोन आला, तर बोलणाऱ्याला घरात आधीच ठरलेला एक शब्द विचारायचा. आजोळच्या गाईचं नाव चालेल, फेसबुकवर टाकलेल्या कुत्र्याचं नको.