दोन फाशांची संभाव्यता: ३६ जोड्या न चुकता कशा मोजायच्या

एकच फासा असेल तर काम सोपं. नमुना अवकाशात (म्हणजे शक्य असलेल्या सगळ्या निकालांच्या संचात) ६ घटक. हवे तेवढे मोजायचे आणि ६ ने भागायचं. मूळ संख्या विचारली तर २, ३, ५ हे तीन घटक, उत्तर १/२. (१ ही मूळ संख्या नाही, ती धरू नका.) मार्क जातात ते दोन फाशांच्या गणितात.

दोन फासे टाकले की ६ × ६ = ३६ जोड्या होतात. एक फासा लाल, दुसरा पांढरा समजा आणि लालवरचा अंक नेहमी आधी लिहा. (३, ४) मध्ये ३ लालवर आहे, (४, ३) मध्ये पांढऱ्यावर. म्हणून या दोन जोड्या. (३, ३) मात्र एकदाच येते. क्रम सोडून २१ जोड्या धरल्या तर ‘हवे ते भागिले एकूण’ हे सूत्र लागूच पडत नाही, कारण त्या समसंभाव्य (सारख्याच शक्यतेच्या) नसतात: एक ३ आणि एक ४ पडण्याची संभाव्यता दोन्हीकडे ३ पडण्याच्या दुप्पट असते. फासे एकाच रंगाचे असले तरी हे बदलत नाही.

बेरीज विचारली तर सगळ्या ३६ जोड्या लिहीत बसू नका. बेरीज २ ते ७ असेल तर जोड्यांची संख्या बेरजेपेक्षा १ ने कमी; ७ च्या पुढे १३ मधून बेरीज वजा करा. म्हणजे ७ साठी ६ जोड्या, १० साठी ३. बेरीज ५ ने विभाज्य हवी असेल तर ५ च्या ४ आणि १० च्या ३, मिळून ७, उत्तर ७/३६. लेखी उत्तरात मात्र त्या सातही जोड्या संचात लिहून दाखवाच.

प्रश्नातले शब्द सावकाश वाचा. ‘बेरीज किमान १०’ म्हणजे १०, ११, १२: ३ + २ + १ = ६ जोड्या, १/६. ‘१० पेक्षा जास्त’ म्हटलं की १० गळतो, उरतात ३ जोड्या, १/१२.

गुणाकाराला असा सोपा नियम नाही, तिथे अवयव पाडा. १२ साठी (२, ६), (३, ४), (४, ३), (६, २); ४/३६ = १/९.

‘किमान एका फाशावर ६’ हा हमखास फसवणारा प्रश्न. ६ + ६ = १२ केलं की (६, ६) दोनदा मोजली जाते. उलट बाजूने या: एकाही फाशावर ६ नाही अशा ५ × ५ = २५ जोड्या, म्हणून ३६ − २५ = ११, उत्तर ११/३६. तीन फासे असले तरी हीच रीत: २१६ − १२५ = ९१, उत्तर ९१/२१६.