नवकंकरी खेळताना या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात माहेरवाशिणी येतात, निंबाला झोके बांधले जातात आणि ऊन उतरेपर्यंत माणसं वट्ट्यावर काहीबाही खेळत बसतात. आमच्याकडे कोळशाने नवकंकरीचा पट आखला जायचा. एकाचे नऊ चिंचोके, दुसऱ्याचे नऊ खडे. आधी ते आळीपाळीने मांडायचे, मग रेघेवरून शेजारच्या मोकळ्या घरात सरकवायचे. एका रेघेवर आपले तीन आले की ओळ जुळली, आणि समोरच्याचा एक खडा उचलायचा. मामा पारोळ्याकडचे, काका यावलचे, आणि डाव हटकून शेवटी अडायचा. मामांना उरलेले तीन खडे पटावर कुठेही उडवायचे असायचे, काकांना ते मुळीच मान्य नसायचं. "आमनाकडे असंच खेळतस," मामा म्हणायचे. काकाही तेच म्हणायचे, आणि दोघंही खरं बोलत होते.

म्हणून सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नियम न ठरवता पहिला खडा ठेवणं. चार गोष्टी आधीच बोलून घ्या. तीन खडे उरल्यावर उडी चालेल का? समोरच्याच्या पूर्ण ओळीतला खडा उचलता येईल का? एकाच खड्याने दोन ओळी जुळल्या तर एक खडा उचलायचा की दोन? आणि हलायला जागाच उरली नाही तर काय? माझं मत सांगतो. उडी असावी, नाहीतर मागे पडलेल्याला हात जोडून बसावं लागतं. ओळीतला खडा दुसरा पर्याय नसेल तरच उचलावा. दोन ओळींना एकच खडा. आणि ज्याची वाट पूर्ण बंद झाली तो हरला. याला बरोबरी मानणारे पुष्कळ आहेत, पण मग समोरच्याला कोंडण्याचं कसब वाया जातं.

पट आखतानाही घोळ होतो. एकात एक तीन चौकोन, आणि बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा. या रेघा आतल्या चौकोनापाशी थांबतात, पोटात शिरत नाहीत. कोपरे तिरपे जोडले तर तो बारा-बारा खड्यांचा वेगळा खेळ होतो, आणि त्यात कुणी काही उचललं नाही तर चोवीसही घरं (चौकोनांचे कोपरे आणि बाजूंचे मध्य) भरून पट गच्च होतो.

आता खेळातली चूक. नवखा माणूस मांडणी सुरू असतानाच ओळ जुळवायच्या मागे लागतो आणि कोपरे धरतो. कोपऱ्यातून फक्त 2 वाटा निघतात, आणि असे कोपरे 12 आहेत. मधल्या चौकोनाच्या चार बाजूंच्या मध्यांवरून मात्र प्रत्येकी 4 वाटा. त्यातली दोन तरी घरं आधी धरा. मांडणीत काहीच उचललं गेलं नाही तर 18 खडे ठेवल्यावर 6 घरंच मोकळी राहतात. तेव्हा ज्याचे खडे कोपऱ्यात दडलेत, तो जुळलेली ओळ घेऊनही अडकतो.

ओळ जुळली की ती मोडायला जीव होत नाही, हेही नेहमी दिसतं. एक खडा बाहेर काढा, पुढच्या खेपेला परत आत घ्या, की पुन्हा उचल मिळते. फक्त रिकामं झालेलं घर समोरच्याच्या खड्याच्या शेजारी नाही ना, ते पाहून काढा. आणि एकच खडा इकडून तिकडे सरकवून दर चालीला नवी ओळ जुळेल अशी जोडी समोरच्याची तयार होत असेल, तर बाकी सगळं सोडून ती मोडा. ती लागली की डाव सावरत नाही.

उडी मान्य केली असेल तर समोरच्याला चारावरून तीनवर आणायची घाई करू नका. तीन खड्यांचा माणूस कुठूनही येऊन तुमची एक जागा बंद करतो. ओळ जुळण्याच्या दोन जागा एकदम तयार ठेवा, मग चौथा उचला.

काका म्हणायचे, पहिला खडा ठेवणाराच जिंकतो. पण 1993 मध्ये राल्फ गॅसर या संगणक-संशोधकाने संगणकावर हा खेळ पूर्ण सोडवला. दोघंही न चुकता खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे उडीचा नियम धरूनच निघालं. तेव्हा त्याच त्या चाली तिसऱ्यांदा फिरून आल्या की डाव बरोबरीत सोडा, आणि या डावात जो दुसरा खेळला, त्याला पुढच्या डावात पहिला खडा ठेवू द्या.