लाटांचा अभ्यास: मॉडेलच्या आधी एक वादळ

सागरविज्ञानात नव्याने येणारे बरेच जण थेट वेव्ह मॉडेल (लाटांचं गणित करणारी संगणक प्रणाली) चालवायला बसतात. नकाशे देखणे निघतात, पण ही लाट आली कुठून असं विचारलं की गाडी अडते. माझं ऐकाल तर आधी एकच वादळ धरा आणि त्याचा माग काढा.

वादळात लाट किती वाढेल हे वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर सलग वाहिला (याला फेच म्हणतात) यांवर ठरतं. वारा पाण्याला ऊर्जा कशी देतो, यावरचे फिलिप्स आणि माइल्स यांचे 1957 चे सिद्धांत पहिल्या वाचनात डोक्यावरून जातात. जाऊ द्या. हॅसलमन या शास्त्रज्ञाचं काम मात्र सोडू नका: लाटा आपसात ऊर्जा वाटून घेतात, तिचा काही भाग लांब लाटांकडे सरकतो.

मला खरी गोडी लागली ती लाटा वादळातून सुटल्यानंतरच्या प्रवासाची. खोल पाण्यात आवर्तकाल (लागोपाठ दोन शिखरं एका जागेवरून जाण्यातलं अंतर, सेकंदांत) जितका मोठा, तितका वेग जास्त. आवर्तकालाला 0.78 ने गुणा, ऊर्जा सेकंदाला साधारण तितके मीटर सरकते. एकेका शिखराचा वेग याच्या दुप्पट. म्हणून 5000 किलोमीटरवरच्या वादळातून 20 सेकंदांच्या लाटा सुमारे पावणेचार दिवसांत येतात, 10 सेकंदांच्या लाटांना जवळपास साडेसात लागतात.

याचा फायदा घ्या. नॅशनल डेटा बॉय सेंटर या अमेरिकी संस्थेकडून एखाद्या बोयाचे (समुद्रात तरंगत मोजमाप करणाऱ्या यंत्राचे) स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेच्या लाटांत किती ऊर्जा आहे याची नोंद, उतरवा आणि वेळेसमोर सर्वाधिक ऊर्जेची वारंवारता (1 भागिले आवर्तकाल) मांडा. लांब आवर्तकालाच्या लाटा आधी पोचतात, म्हणून वारंवारता वाढत जाते. तिरपी चढत जाणारी रेषा दिसली की तिच्या चढावरून अंतर काढा. चढ जितका तीव्र, तितकं वादळ जवळ. रेषा मागे शून्य वारंवारतेपर्यंत ओढली की वादळाची वेळही हाती लागते. हे सगळं कागदावर होतं, आणि मला वाटतं कागदावरच करावं.

सागरशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्या गटाने 1963 मध्ये दक्षिण महासागरातल्या वादळांच्या लाटा न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत टिपल्या त्या याच तत्त्वावर. वादळाजवळचा पट्टा ओलांडल्यावर ऊर्जा वाटेत फारशी विरत नाही, असं त्यांना दिसलं. उंची घटते ती मुख्यतः ऊर्जा पसरल्यामुळे. उंची निम्मी झाली म्हणजे ऊर्जा चौथाई उरली, हे आकडे वाचताना ध्यानात असू द्या.

तुमचं उत्तर त्या दिवसाच्या वाऱ्याच्या नकाशाशी ताडून बघा. थोडं इकडेतिकडे होणारच, वादळही एका जागी थांबलेलं नसतं. मग खुशाल वेव्हवॉच हे वेव्ह मॉडेल उघडा.